वाचकांचे प्रश्न : भायखळा, नागपाडा, माझगावात कोण कुठून आलं?

जुन्या मुंबईतल्या वस्त्यांबद्दल प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रं आली ती महापालिकेच्या ई विभागाबद्दल, म्हणजे भायखळा, माझगाव, ताडवाडी, नागपाडा आणि कामाठीपुरा या पट्ट्याबद्दल. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

भायखळा स्टेशनपासून अर्ध्या तासाच्या चालीत चर्च, सिनेगॉग, मशिदी, पारशी बाग आणि चिनी देऊळही आहे. इतके वेगवेगळे लोक एकाच ठिकाणी कसे जमले? सरकारने वसवले का? (एक वाचक, ठाणे)

कोणी ठरवून वसवलेलं नाही. आधी जमीन तयार झाली, मग काम आलं आणि कामामागून माणसं आली. हा क्रम धरला की बाकीचं उलगडतं.

माझगाव ही जुनी, उंच, कोरडी जागा. तिथे कोळी-आगरी होतेच. पोर्तुगीज अमदानीत, १५७२ साली, माझगावची जहागीर डिसूझा घराण्याला मिळाली आणि त्या काळापासून तिथे ख्रिस्ती वस्ती आहे. ग्लोरिया चर्च मूळचं १६३२चं. आज भायखळ्यात संत सावता मार्गावर दिसते ती इमारत १९१३ची. (माझगावचा आंबा वर्षातून दोनदा फळायचा, अशी त्याची ख्याती होती. आता आंबाही नाही आणि ती वाडीही नाही.)

पश्चिमेकडची गोष्ट वेगळी. वरळीच्या खिंडीतून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि महालक्ष्मीपासून भायखळ्यापर्यंतचा सखल भाग दलदलीचा व्हायचा. १७८४च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, पाणी अडलं आणि हळूहळू जमीन सुकत गेली. नागपाडा आणि कामाठीपुरा उभे आहेत ते याच जमिनीवर. तिथला बेलासिस रोड १७९३चा. त्याच्या शिलालेखात स्पष्ट लिहिलं आहे की, त्या वर्षीच्या दुष्काळात सुरतेहून आलेल्या गोरगरिबांनी लोकवर्गणीच्या पैशातून हा रस्ता बांधला. म्हणजे या भागातला हा मोठा रस्ताच परगावच्या मजुरांच्या हातचा.

त्यानंतर इथे श्रीमंत आले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. १८०३ साली कोटातल्या (आजच्या फोर्टमधल्या) बाजारपेठेला मोठी आग लागली. तिथली दाटी टाळू बघणारे युरोपीय आणि देशी धनिक माझगाव-भायखळ्याला बंगले बांधू लागले. १८३३ साली भायखळा क्लब निघाला. जवळच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती होत. त्या १८८३ साली महालक्ष्मीला गेल्या. जिथे बंगला, तिथे मोतद्दार, खानसामा, माळी आणि आया. शर्यती म्हटलं की अरबी घोडे आणि ते विकणारे अरब सौदागर आलेच. बगदादचे डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत आले. त्यांचा ‘सां सूसी’ हा बंगला इथेच होता. आज तिथे मसीना रुग्णालय आहे.

मग १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पाठोपाठ गिरण्या आल्या, गोद्या वाढल्या. धूर वाढला तसे बंगलेवाले मलबार हिलकडे सरकले. त्यांच्या आवारात चाळी, शाळा आणि रुग्णालयं उभी राहिली. आज मिश्र दिसणारी वस्ती या दोन लाटांच्या घडीतून तयार झाली आहे. धनिकांनी आपली प्रार्थनास्थळं आणि विश्वस्त निधी मागे ठेवले आणि कष्टकऱ्यांनी वस्ती भरली.

कष्टकरी कोण कुठे राहिला, हे धर्मापेक्षा हुन्नरावर ठरलं. तेलंगणातले कामाठी बांधकामाच्या मजुरीवर होते, ते कामाठीपुऱ्यात. १८५७च्या धामधुमीनंतर आझमगड, मऊ, अलाहाबादकडून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात. हातमागावर बसलेला त्यांचा हात पुढे गिरण्यांच्या साचेखात्यात कामी आला. रत्नागिरी आणि सातारच्या लोकांनी गिरणीच्या भोंग्याच्या टापूत खोल्या धरल्या. गोव्याचे खलाशी व स्वयंपाकी गोदीजवळ माझगावला, रेल्वेतले अँग्लो-इंडियन भायखळा स्टेशनच्या आसपास. भायखळ्याच्या भाजी मंडईने जुन्नर-आंबेगावकडचे व्यापारी आणि माथाडी आणले. ती घाऊक मंडई वाशीला गेल्यावर त्यांतलेही बरेच तिकडे गेले.

‘मिनी भारत’ हा शब्द आम्हाला पटत नाही. कोणी भारताचा नमुना करायला इथे आलेलं नव्हतं. ज्याला जिथे पगार, तिथे त्याची वळकटी.

प्लेगची लस भायखळ्यात तयार झाली, हे खरं का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

खरं आहे. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी जे.जे.च्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर झाली. लोक लशीला घाबरत होते, तेव्हा तिसरे आगाखान चारचौघांसमोर टोचून घेऊन उभे राहिले आणि खोजा समाजात लसीकरणाने वेग घेतला.

वस्तीच्या दृष्टीने प्लेगचा मोठा परिणाम पुढे झाला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पहिल्यांदा हात घातला तो नागपाड्याला. दाट गल्ल्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि साधारण दहा-बारा फुटी खोल्यांच्या, लांब व्हरांड्यांच्या चाळी बांधायच्या, असा कार्यक्रम होता. त्याच बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी. आधी पाडलं आणि नंतर बांधलं, त्यामुळे मधल्या काळात घर गेलेली माणसं शेजारच्या जुन्या चाळींत कोंबली गेली. एका गल्लीतली गर्दी कमी झाली आणि पुढच्या गल्लीतली वाढली.

१८६४मध्ये मुंबईची लोकसंख्या ८ लाखांच्या वर आणि १८७२मध्ये साडेसहा लाखांहून कमी असं वाचलं. हे आकडे चुकीचे नाहीत का? आणि आजच्या भायखळ्याचे आकडे कुठे मिळतात? (एक शिक्षक, कल्याण)

आकडे छापील नोंदीतलेच आहेत : १८६४ला ८,१६,५६२ आणि १८७२ला ६,४४,४०५. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिथला कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि हजारो माणसं शहरात लोटली. डॉ. लीथ यांची १८६४ची शिरगणती नेमकी त्या भराच्या काळातली. १८६५मध्ये युद्ध संपलं, सट्टा कोसळला, माणसं गावी परतली. मोजणीची पद्धतही दोन्ही वेळी एकसारखी नव्हती. त्यामुळे पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून ‘इतकी घट’ असं लिहिणं धाडसाचं ठरेल.

दुसरी घट १९०१ची. १८९१मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१मध्ये ७,७६,००६. यात प्लेगचे मृत्यू आहेत, तसेच प्लेगच्या भीतीने मोजणीच्या वेळी गावी असलेलेही आहेत. पुढे १९११ला आकडा ९,७९,४४५वर गेला. म्हणजे गेलेली माणसं कायमची गेली नव्हती.

त्याच १९११च्या जनगणनेतल्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. शहरातल्या दर पाच माणसांपैकी साधारण चार जण मुंबईबाहेर जन्मलेले होते आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम ५३०. म्हणजे ही बिऱ्हाडांची वस्ती नव्हती, एकट्या पुरुषांची होती. खानावळी, भिशी, गावकीच्या खोल्या आणि गोंयकारांचे कूड (त्यांबद्दल पुढे सांगतो) या सगळ्या संस्था त्यातून आल्या.

आजच्या आकड्यांसाठी जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’ शोधा. बृहन्मुंबईचे जिल्हे दोन : ‘मुंबई’ आणि ‘मुंबई उपनगर’. भायखळा पहिल्यात. ई विभागाची लोकसंख्या २००१ला ४,४०,३३५ होती, २०११ला ३,९३,२८६. म्हणजे दहा वर्षांत ४७,०४९ने, सुमारे १०.७ टक्क्यांनी कमी. याच काळात सगळा मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१वरून ३०,८५,४११वर आला, म्हणजे घट ७.६ टक्के. गिरण्या बंद पडल्या, मुलांची लग्नं झाल्यावर खोली पुरेना, जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला पण त्यात तितकी माणसं राहायला आली नाहीत, खोल्यांची गोदामं आणि कारखाने झाले. माणसं डोंबिवली, विरार, मुंब्र्याला गेली.

आता चुका कुठे होतात ते सांगतो.

एक, हद्दीची गफलत. जनगणनेचा विभाग, नगरसेवकाचा प्रभाग, विधानसभेचा भायखळा मतदारसंघ आणि पोलीस ठाण्याची हद्द या चार वेगवेगळ्या रेघा आहेत. एका लेखात या चारही ठिकाणचे आकडे एकत्र केलेले आम्ही पाहिले आहेत. भेंडी बाजार तर ई विभागात येतच नाही, तरी बहुतेक जण तो भायखळ्यात धरतात.

दोन, धर्म आणि मातृभाषेचे तक्ते. विभागवार गोषवाऱ्यात घरांची संख्या, शून्य ते सहा वयोगट, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढंच मिळतं. धर्म आणि भाषा वरच्या पातळीच्या तक्त्यांत असतात. तेव्हा ‘नागपाड्यात अमुक टक्के अमुक’ असं कोणी लिहिलं, तर आकडा कुठून आणला ते विचारा. बहुधा मतदार यादीतली नावं बघून लावलेला तो अंदाज असतो.

तीन, मातृभाषेचा रकाना खरी घरगुती बोली सांगत नाही. मदनपुऱ्यात आजीची बोली अवधी किंवा भोजपुरी असली तरी अर्जावर अनेकदा उर्दू येते. कोकणी मुसलमान घरात कोकणी बोलतात आणि नोंद कधी कोकणी, कधी उर्दू, कधी मराठी होते. शिवाय सरकारी तक्त्यात भोजपुरी हिंदीच्या पोटात मोजली जाते.

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. तोवर २०११च्या आकड्यांवर काम चालवताना वर्ष आकड्याला चिकटवूनच लिहा.

इथले ज्यू सगळे बगदादचे का? आमच्या अलिबागच्या शेजारी राहणारे ज्यू तर अस्सल मराठी बोलत. (एक वाचक, पनवेल)

तुमचे शेजारी बेने इस्राएल. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, पूर्वी तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर अशी, गावावरून पडलेली. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात बांधलं. पुढे उमरखाडी, नागपाडा, सात रस्ता या बाजूला त्यांची वस्ती पसरली. शिक्षक, कारकून, परिचारिका, रेल्वे नोकर असा त्यांचा पगारदार मध्यमवर्ग होता.

बगदादी ज्यू फार नंतरचे. त्यांची घरची बोली अरबी वळणाची आणि व्यवहार कापूस, अफू, कापडाच्या व्यापाराचा. भायखळ्याचं निळं मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६४च्या सुमाराचं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. १९१०मध्ये जेकब ससून यांनी ते वाढवलं. दोन्ही समाज एकाच धर्माचे असले तरी प्रार्थनास्थळं आणि सोयरिकी बराच काळ वेगळ्या राहिल्या. यात नुसता रीतिरिवाज नव्हता, पैशाची आणि रंगाची उतरंडही होती. हे झाकण्यात अर्थ नाही.

१९४८ला इस्राएल स्थापन झाल्यावर मोठी गळती लागली. २०११च्या जनगणनेत सगळ्या देशात ४,६५० ज्यू नोंदले गेले, त्यांतले २,४६६ महाराष्ट्रात. राज्य सरकारने २०१६मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. नागपाड्याच्या बाजूच्या ससून यांच्या नावाच्या ज्यू शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. विश्वस्त ज्यू, मुलं मुसलमान, हा प्रकार तिथल्या लोकांना मुळीच नवलाचा वाटत नाही.

आजोबा गिरणीत होते. जुन्या पत्रावर फक्त ‘क्लेअर रोड, दुसरा नागपाडा, मुंबई ८’ एवढंच आहे. चाळ कशी शोधायची? (एक वाचक, चिपळूण)

पत्ता वाटतो त्यापेक्षा बरा आहे. हा क्रम धरा.

आधी रस्त्याचं आजचं नाव. क्लेअर रोडचा मिर्झा गालिब मार्ग झाला. याच भागात बेलासिस रोडचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग, व्हिक्टोरिया रोडचा संत सावता मार्ग, फोरास रोडचा आर. एस. निमकर मार्ग, जेकब सर्कलचा संत गाडगे महाराज चौक झाला आहे, पण लोक त्याला सात रस्ताच म्हणतात. रिक्षा या भागात येत नाही. टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगा.

मग चाळीचं नाव. घरातली कागदं काढा : जुनी शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, भाडेपावती, गिरणीचं हजेरी कार्ड, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी. भाडेपावती मिळाली तर निम्मं काम झालं, कारण तीवर मालकाचं नाव आणि बहुधा इमारतीचा नंबर असतो. बीआयटी चाळ असेल तर पावती महापालिकेची असते, कारण ट्रस्ट १९३३मध्ये महापालिकेत विलीन झाला.

घर क्रमांकावर फार विसंबू नका. रस्ता रुंद झाला, इमारत दुभागली की तो बदलतो. टिकतो तो सीएस क्रमांक, म्हणजे भूमापन क्रमांक. तो कुठल्या महसूल विभागातला हे लागतं. ‘भायखळा विभाग’ आणि ‘माझगाव विभाग’ यांत तेच आकडे वेगवेगळ्या जमिनींचे असतात. लोक नुसता आकडा घेऊन जातात आणि भलत्याच इमारतीची मिळकत पत्रिका घेऊन परततात.

जन्ममृत्यूच्या नोंदीसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयात आरोग्य खात्याकडे अर्ज करावा लागतो. शोध बाळाच्या नावाने घेऊ नका. पूर्वी नोंद बारशाच्या आधी व्हायची आणि नावाचा रकाना कोरा राहायचा. वडिलांचं नाव आणि तारीख द्या. तारीख पक्की नसेल तर आगेमागे दोन-तीन वर्षांचा शोध मागा. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर नोंद घराच्या नव्हे, रुग्णालयाच्या विभागात असते. भायखळ्यातल्या कित्येकांचे जन्म याच कारणाने सापडत नाहीत. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कोकणात झालं असेल, तर मुंबईत शोधून उपयोगच नाही. ग्रामपंचायतीत विचारा.

आजोबा १ जानेवारी १९८२ला किंवा नंतर हजेरीपटावर असतील, तर ते कागद जपून ठेवा. गिरणी कामगारांच्या म्हाडा घरांची पात्रता त्याच तारखेवर ठरते.

माझगावचं चिनी देऊळ केव्हा बघता येतं? (एक वाचक, पुणे)

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ नवाब टँक रस्त्यावरचं सी यप कून देऊळ १९१९चं आहे. क्वांगतुंग प्रांतातल्या चार परगण्यांतून आलेल्या खलाशांनी ते बांधलं. ते एरवी बंद असू शकतं. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, नक्की उघडं असतं. १९६२च्या युद्धानंतर चिनी कुटुंबांवर पाळत, कागदपत्रांची कटकट आणि संशय आला. बरेच जण देश सोडून गेले. जे राहिले ते दातांचे दवाखाने, चामड्याचे जोडे, केशकर्तन आणि उपाहारगृहं यांत टिकले. त्यांची दफनभूमी अँटॉप हिलला आहे.

कूड म्हणजे नेमकं काय? वसतिगृह की धर्मशाळा? (एक वाचक, मडगाव)

दोन्ही नाही. कूड गावाचा असतो. गोव्यातल्या एका गावचे, किंवा त्या गावचं मूळ असलेले, एवढेच त्याचे सभासद. जहाजाची वाट बघणारा खलाशी, नोकरीच्या शोधातला स्वयंपाकी आणि वाजंत्री हे तिथे राहत. धोबीतलाव हे मुख्य ठाणं, दुसरं माझगाव. एके काळी असे कूड शेकड्यांनी होते.

आतली मांडणी ठरलेली : एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने पेट्या. पेटी हीच माणसाची जागा. रात्री तिच्यापुढे चटई टाकायची. एका टोकाला गावच्या संताचं आल्तार. ठरलेल्या वेळी रोझरी, चुकवली तर दंड. स्त्रियांना राहायला मनाई. महिना वर्गणी नाममात्र, म्हणूनच समुद्रावर गेलेला माणूसही पेटी ठेवून जाई आणि वर्गणी भरत राही.

आता अडचण इथेच आहे. भाडं नाममात्र, दुरुस्ती महाग, इमारत जुनी. खलाशांची भरती वेगळ्या वाटांनी होऊ लागली आणि तरुणांना पेटी-चटई नको. पेटी ठेवून गेलेले सभासद परदेशात स्थायिक झाले. पुनर्विकासाच्या वेळी सभासद कोण, मत कोणाचं, जागा गावाची की समितीची, यावर वाद पेटतो. तुमच्या गावचा कूड अजून चालू असेल तर सभासद नोंदवही आणि जुन्या घटनेची प्रत आजच काढून घ्या. वही हरवली की हक्क सिद्ध करणं फार अवघड.

ईस्ट इंडियन म्हणजे गोंयकारच ना? (एक वाचक, वसई)

वसईचा माणूस हा प्रश्न विचारतो म्हणजे खोडीच आहे, पण उत्तर देतो. नाही. ते मुंबई, साष्टी, वसई पट्ट्यातले मूळचे ख्रिस्ती रहिवासी. बोली मराठीची. रेल्वे आणि गिरण्यांत गोवेकर, मंगळूरकर ख्रिस्ती येऊ लागले, तेव्हा स्थानिकांनी वेगळी ओळख म्हणून १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं आणि संघटना केली. माझगावची माथारपाखाडी ही त्यांची जुनी वाडी. लाकडी जिने, बाहेरचे सज्जे, मधोमध क्रूस. टिळकांचे सहकारी आणि १९२५चे महापौर ‘काका’ जोसेफ बॅप्टिस्टा तिथलेच.

आठवीच्या मुलांकडून एका चाळीचं सर्वेक्षण करून घ्यायचं आहे. कसं करावं? (एक शिक्षिका, मुंबई)

एक इमारत निवडा, फार तर ४० खोल्या. दोन-दोन मुलांची जोडी, एका जोडीला चार खोल्या, एका खोलीला वीस मिनिटं. शनिवारी संध्याकाळी चार ते सहा ही वेळ बरी. रविवारी सकाळी घरोघर गडबड असते आणि शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज.

प्रश्न पाचच ठेवा : मुंबईत घरातलं पहिलं कोण आलं, कुठल्या गावाहून, साधारण कधी, कोणतं काम करत, आणि खोली कोणाच्या ओळखीने मिळाली. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. मुकादम, मेव्हणा, गाववाला, चर्चचा फादर अशी उत्तरं येतात आणि त्यावरून वस्ती कशी भरली हे दिसतं. धर्म आणि जात विचारू नका. ती विचारली की दार अर्धवट लोटलं जातं आणि पुढची चार उत्तरं एका शब्दात येतात.

साल कोणालाच नेमकं आठवत नाही. ‘मोठ्या संपाआधी की नंतर?’ असं विचारा. १८ जानेवारी १९८२चा संप, १९९२-९३ची दंगल, मुलाचं लग्न, अशा खुणांवरून साल काढा आणि वहीत ‘अंदाजे’ लिहा. भाडं, पागडी आणि पुनर्विकास हे विषय मुलांना काढू देऊ नका. बऱ्याच चाळींत त्यावर खटले चालू आहेत आणि वहीतलं वाक्य उद्या कोणीतरी भलत्या कामाला वापरेल. फलकावर लावताना खोली क्रमांक आणि नावं गाळा, गावांची नावं ठेवा. नकाशावर गावं आणि चाळ दोऱ्याने जोडली की पालकच येऊन चुका दुरुस्त करून देतात.

इमारतीच्या चेअरमनला किंवा जुन्या भाडेकरूला आधी भेटा. समिती नसेल तर तळमजल्यावरच्या दुकानदाराला. त्याला कळलं की वरच्या मजल्यांवर तुमच्याआधी बातमी पोचलेली असते.

एका सकाळीत काय काय बघून होईल? (अनेक वाचक)

भायखळा स्टेशनच्या इमारतीपासून सुरुवात करा. तिच्या जतनाला युनेस्कोचा २०२२चा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आहे. पूर्वेला ग्लोरिया चर्च, संत सावता मार्गाने मसीना, मग राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय. संग्रहालय १८७२चं आहे, बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीहून आणलेला. बुधवारी दोन्ही बंद. बाग बघत बसलात तर पुढचं काही होणार नाही, म्हणून ती वेगळ्या दिवशी ठेवा.

परत येऊन पुलापाशी खडा पारशी हा पुतळा, तिथून सर जे. जे. रोडने मागेन डेव्हिड. सिनेगॉगला फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं, फोटोकॉपी चालत नाही. शनिवारी पर्यटक म्हणून जाऊ नका. मोठा गट असेल तर विश्वस्तांची लेखी परवानगी आठवडाभर आधी मागा. मदनपुऱ्यात जेवायचं असेल तर दुपारी दीडनंतर पोचा. रमजानमध्ये दिवसा बहुतेक खानावळी बंद असतात, संध्याकाळी मात्र पाय ठेवायला जागा नसते.